गांजा आणि आत्महत्येचा धोका: ‘साडेतीन पट’ हा आकडा कसा वाचायचा?

वसतिगृह_समुपदेशन: वॉर्डन मंडळींसाठी एक पानी माहिती करतोय. ‘गांजा ओढणाऱ्या मुलांत आत्महत्येचा धोका साडेतीन पट’ असं सर्रास छापलेलं दिसतं. तसंच लिहावं का? आणि मुलगा गांजा सोडतो तेव्हा कशाकडे लक्ष द्यायचं?

आकडेमोड: तसं नको. मूळ आकडा ३.४६, ‘जामा सायकिअ‍ॅट्री’ हे वैद्यकीय नियतकालिक, २०१९. ११ अभ्यास एकत्र केलेले, २३,३१७ जण. अठराच्या आत गांजा घेतलेल्यांचं अठरा ते बत्तीस या वयात काय झालं ते पाहिलं. ३.४६ हा आत्महत्येच्या *प्रयत्नाचा* ऑड्स रेशो आहे (घडणं विरुद्ध न घडणं हे प्रमाण घेणाऱ्यांत न घेणाऱ्यांच्या किती पट, ते), मृत्यूचा नव्हे. शिवाय त्याची खात्रीची मर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या दरम्यान असू शकतो ती, १.५३ ते ७.८४ इतकी ऐसपैस. आत्महत्येचे विचार येण्याचा आकडा १.५०, नैराश्याचा १.३७. समजा, न घेणाऱ्या शंभरात दोघांनी प्रयत्न केला, तर घेणाऱ्या शंभरात साधारण सहा-सात. बाकीच्या नव्वदांवर जणांनी केलेला नाही, हेही पानावर येऊ द्या. नाहीतर पोरं पहिल्याच ओळीला हसतात.

रात्रपाळी: कारण गांजाच, असंही यातून सिद्ध होत नाही. आधीच खचलेला मुलगा झोपेसाठी ओढू लागतो, हा उलटा रस्ताही आहेच.

सोडतानाचं म्हणाल तर रोज ओढणाऱ्याला एक ते तीन दिवसांत त्रास सुरू होतो: चिडचिड, झोप उडणं, विचित्र स्वप्नं, जेवण न जाणं, उदासी. पहिला आठवडा सर्वांत कठीण, मग दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. झोप मात्र उशिरा रुळावर येते. नेमकी इथेच चूक होते: ‘सुटला एकदाचा’ म्हणून त्याला खोलीत एकटं सोडतात. त्या दिवसांत रूममेट सोबत हवा, आणि औषधांच्या गोळ्या, फवारणीची औषधं कुलपात.

वसतिगृह_समुपदेशन: आत्महत्येबद्दल सरळ विचारलं तर मनात नसलेलं भरवल्यासारखं होत नाही का?

रात्रपाळी: नाही. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असंच विचारा, आडून नको. हो म्हणाला तर पुढचा प्रश्न: ‘कसं, कधी, काही ठरवलंयस का?’ ठरवलं असेल तर एकटं न सोडता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आवाज ऐकू येणं किंवा टोकाचा संशय असेल तर थेट रुग्णालय.

कायदेकानू: पानावर दोन कलमं टाका, कारण पोरं पोलिसांच्या भीतीनं गप्प राहतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ११५: प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरतात, शिक्षा नाही. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा, कलम ६४ए: अल्प प्रमाणात सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचार घेत असेल तर खटल्यापासून संरक्षण, पण उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं.