सीटीजी : डिप्स आल्या की बेसलाइनच खाली घसरते, मदत हवी आहे

मंडळी, बाळाच्या ठोक्यांच्या सिग्नलवर काम केलेलं इथे कुणी आहे का?

मी बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेज मुंबईतलंच. कळा चालू असतानाच्या सीटीजीतून (बाळाचे ठोके आणि आईच्या कळा यांचा आलेख) बेसलाइन, म्हणजे ठोक्यांची मूळ पातळी, काढायची आणि डिप्स, म्हणजे ठोके तात्पुरते घसरतात त्या जागा, ओळखायच्या, असा प्रोजेक्ट आहे. इथल्या प्रसूतिगृहांत विचारलं, तर एकतर एथिक्स कमिटी आडवी येते, नाहीतर हातात कागदाची पट्टी पडते. म्हणून फिजिओनेट या खुल्या डेटा-संग्रहावरचा, झेक प्रजासत्ताकातल्या ब्र्नोच्या रुग्णालयाचा डेटा घेतलाय. ५५२ रेकॉर्ड, सेकंदाला ४ नमुने, सोबत नाळेतल्या रक्ताचा पीएच (तो खूप कमी म्हणजे बाळाला ऑक्सिजन कमी पडल्याची खूण).

बेसलाइनसाठी दहा मिनिटांच्या टप्प्याचा मीडियन (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घेतो. सुरुवातीला झकास चालतं. शेवटी कळा लागोपाठ यायला लागल्या की ठोके १४० वरून ९० वर येतात आणि सावरायच्या आत पुढची कळ. निम्म्याहून जास्त नमुने डिपमधलेच, त्यामुळे मीडियन ११० च्या आसपास येऊन बसतो. मग मधूनच १४० वर परतलेले ठोके प्रोग्रामला ॲक्सिलरेशन (ठोक्यांची तात्पुरती वाढ, बाळ ठीक असल्याची खूण) वाटतात! म्हणजे बाळ दमलंय आणि निकाल सांगतो, मजेत आहे. वहिनी गायनॅकची रेसिडेंट आहे. रात्रपाळी करून आलेली, तरी आलेख बघून म्हणाली, "भावजी, हे आमच्या सिस्टर दारातून सांगतील."

कृपया डीप लर्निंग सुचवू नका. पीएच खूप कमी असलेली बाळं यात मोजकीच आहेत, मॉडेलला शिकवायला पुरणार नाहीत.

प्रतिसाद, माटुंगेकर :
मीडियन सोडा. फिगोच्या (स्त्रीरोग आणि प्रसूतितज्ज्ञांची जागतिक संघटना) २०१५ च्या व्याख्येत बेसलाइन म्हणजे कमीत कमी हेलकावणाऱ्या, आडव्या तुकड्यांची पातळी. आधी ते तुकडे शोधा, त्यांवरून रेषा काढा, रेषेपासून लांबचे नमुने गाळा, पुन्हा रेषा काढा. लांबलेल्या डिपचा तळही आडवाच असतो, तेव्हा रेषेला मागच्या पातळीपासून एकदम उडी मारू देऊ नका. कळांचा चॅनल त्याच फाइलमध्ये आहे. तुमची खोटी ॲक्सिलरेशन दोन कळांच्या मधे पडतील. ठोके कळेबरोबरच वर जात असतील तर वेगळीच शंका घ्या, डॉप्लरने (ठोके टिपणारा पोटावरचा अल्ट्रासाउंड सेन्सर) बाळाऐवजी आईची नाडी पकडली असेल.

धागाकर्ता :
आईची नाडी डोक्यातच आली नव्हती, आभार! आज रात्री बसतो. पण काही रेकॉर्डमध्ये कळांचा चॅनलच मधे सपाट होतो. तिथे कळ नाही समजायचं, की कळा मोजणारा पोटावरचा पट्टा सरकलाय?