स्टॉक कार शर्यतींचा तो मातीचा काळ खरंच सोन्याचा होता का?

स्पॅनर
अमेरिकेत स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या नॅसकार या संस्थेच्या आजच्या शर्यती मी नेमाने पाहतो आणि दर वेळी वाटतं की या खेळातून मेकॅनिकच हद्दपार झालाय. २०२२पासूनच्या 'नेक्स्ट जेन' गाडीत फोर्ड, शेवरोले, टोयोटा हा फरक इंजिन आणि बाहेरच्या कवचापुरताच राहिलाय. सांगाडा, गिअरबॉक्स, सस्पेन्शन ठरवून दिलेल्या पुरवठादारांकडून, सगळ्यांना सारखंच. त्यात हात घातला की जबर दंड.

१९ जून १९४९ला शार्लटच्या पाऊण मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर 'स्ट्रिक्टली स्टॉक' मालिकेची पहिली शर्यत झाली, तेव्हा अट एवढीच होती की शोरूममध्ये मिळते तीच गाडी आणायची. ३३ गाड्या आल्या. ली पेटी या चालकाने उसनी आणलेली ब्यूक उलटवली! पुढे हडसन कंपनीच्या हॉर्नेट गाडीने नाव काढलं. इंजिन सहाच सिलिंडरचं, पण गाडी बुटकी, वजन सगळं खाली, त्यामुळे वळणावर ती इतरांना ऐकायचीच नाही. स्टँडमध्ये बसलेला माणूस तीच गाडी विकत घेऊ शकत होता. फ्लोरिडातल्या डेटोनात १९५८पर्यंत अर्धी शर्यत समुद्राच्या वाळूवर आणि अर्धी शेजारच्या हमरस्त्यावर चालायची, भरती-ओहोटी बघून वेळ ठरायची. माझ्या मते हा खेळ तेव्हाच सर्वांत जिवंत होता.

डांबरी
असहमत. ज्या शर्यतीचा दाखला दिलात तिचाच निकाल पाहा. पहिला आला ग्लेन डनवे, फोर्ड घेऊन. तपासणीत मागच्या स्प्रिंगमध्ये फेरफार सापडला. चोरट्या दारूच्या वाहतुकीत डिकी भरल्यावर गाडी मागून बसू नये म्हणून करायचे तसला. डनवे बाद, आणि कॅन्ससहून लिंकन घेऊन आलेला जिम रोपर विजेता. गाडीचा मालक कोर्टात गेला, तिथेही हरला. म्हणजे 'शोरूमची गाडी' पहिल्याच दिवशी शोरूमची नव्हती. तुमची लाडकी हडसनसुद्धा कंपनीने 'खडतर वापरासाठी' म्हणून काढलेल्या खास भागांवर धावत होती.

स्पॅनर
हो, पण तो फेरफार कुणीतरी स्वतःच्या गॅरेजमध्ये, स्वतःच्या डोक्याने केला होता. मला नेमकं तेच हवंय.

लांबपल्ला
गॅरेजच्या अकलेचं कौतुक मलाही आहे, पण १९६४ हे एकच साल घ्या. जानेवारीत रिव्हरसाइडला जो वेदरली या चालकाची गाडी भिंतीवर आदळली. त्याने खांद्याचा पट्टा लावलेला नव्हता, खिडकीला जाळी नव्हती. डोकं बाहेर जाऊन भिंतीवर आपटलं. तो त्या वेळचा मालिकाविजेता होता. मे महिन्यात शार्लटला फायरबॉल रॉबर्ट्सची गाडी पेटली, तो २ जुलैला गेला. सप्टेंबरमध्ये तिथेच टायरची चाचणी घेताना जिमी पार्ड्यू गेला. पेट्रोलच्या टाकीत रबरी पिशवी आणि टायरच्या आत दुसरं अस्तर हे सगळं त्या मृत्यूंनंतर आलं.

तरी पुरेसं झालं नाही. १८ फेब्रुवारी २००१ला डेटोनाच्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट गेला. मग मानेला आधार देणारं हॅन्स सक्तीचं झालं, ट्रॅकच्या भिंतींवर आघात शोषणारे अडथळे बसले. मुख्य मालिकेत त्यानंतर एकही चालक शर्यतीत दगावलेला नाही. २०२०मध्ये रायन न्यूमनची गाडी जशी उलटली ते पाहून मी टीव्ही बंद केला होता. दोन दिवसांत तो मुलींचे हात धरून हॉस्पिटलमधून चालत बाहेर आला. माझ्यासाठी हाच सोन्याचा काळ.

रसिका७
त्या काळाची आठवण कुणाला गोड वाटते, हेही विचारायला हवं. व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा वेंडेल स्कॉट हा कृष्णवर्णीय चालक १ डिसेंबर १९६३ला जॅक्सनव्हिलची शर्यत जिंकला. विजयाचा झेंडा मात्र बक बेकरला दाखवला, ट्रॉफीही त्यालाच दिली. प्रेक्षक घरी गेल्यावर फेऱ्या पुन्हा मोजून स्कॉटला विजेता ठरवलं. तो १९९०मध्ये वारला. खरी ट्रॉफी त्याच्या कुटुंबाच्या हाती आली २०२१मध्ये. हे वाचून मला अजून राग येतो.

शार्लटवासी
रसिका, पूर्ण सहमत. तरीही हळहळ सगळीच खोटी नसते. मी इथे नॉर्थ कॅरोलायनात राहतो. नॉर्थ विल्क्सबोरोचा ट्रॅक १९९६नंतर बंद पडला, कारण नव्या मालकांनी तिथल्या दोन शर्यती टेक्सास आणि न्यू हॅम्पशरला हलवल्या. हा विल्क्स परगणा म्हणजे ज्युनियर जॉन्सनचा. बापाच्या चोरट्या दारूच्या भट्टीवर पकडला जाऊन तुरुंगात गेलेला हा माणूस १९६०ची डेटोना ५०० जिंकला, तीही कमी वेगाच्या गाडीने. पुढच्या गाडीच्या मागे चिकटून राहिलं की हवेचा विरोध कमी होतो, हे त्याने सरावात हेरलं होतं. अशा गावातून शर्यत उचलून नेणं हा अन्यायच. २०२३मध्ये ऑल-स्टार शर्यत तिथे परत आली, १९८१च्या जुन्याच डांबरावर. इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं रेटा लावला म्हणून.

डांबरी
गावाबद्दल मान्य. पण शर्यतीच्या दर्जाचं काय? १९६५ची डार्लिंग्टनची सदर्न ५०० नेड जॅरेट १४ फेऱ्यांनी जिंकला. सव्वा मैलाहून मोठा ट्रॅक, म्हणजे दुसरा गडी सुमारे १९ मैल मागे! आणि २०२४ला कॅन्ससमध्ये काइल लार्सन ०.००१ सेकंदाने जिंकला. सारख्या गाड्यांमुळेच हे शक्य होतं.

स्पॅनर
डार्लिंग्टनला पुढे असलेल्या दोघांच्या गाड्यांनी शेवटी दगा दिला, जॅरेटने आपली सांभाळून आणली. इंजिन टिकवणं हाही कसबाचाच भाग होता. आणि चुरशीचं म्हणाल तर १९५९ची पहिली डेटोना ५०० इतकी जवळची होती की फोटो आणि फिल्म तपासून ली पेटीला विजेता ठरवायला तीन दिवस लागले.

लांबपल्लांचा मुद्दा मी खोडत नाही. चालकाभोवतीचा पिंजरा, सीट, भिंती आजच्याच हव्यात. पण सस्पेन्शनचे भाग सगळ्यांचे सारखे असल्याने कुणाचा जीव वाचतो? ती अट खर्च आवरण्यासाठी आहे. सुरक्षेच्या नावाखाली तिला खपवू नका.

रसिका७
खर्चाची अट क्षुल्लक नाही, स्पॅनर. स्कॉट दुसऱ्यांनी वापरलेल्या भागांवर धावला. मेकॅनिक तोच, शर्यतीत गाडी थांबवून दुरुस्त करायच्या जागी, म्हणजे पिटमध्ये, त्याची मुलं. समोर कारखान्यांच्या पैशावर पोसलेल्या टीम. भाग सगळ्यांना सारखे मिळाले असते, तर तो किती शर्यती जिंकला असता?