'अम हाआरेत्स' म्हणजे राजा बसवणारे की अडाणी?

परभणीकर_२
मंडळी एक शंका आहे, इतिहासाचं एमए बाहेरून करायलोय आणि बायबलच्या काळातल्या समाजावर टिपण लिहायचंय. अब्राहाम बायकोला पुरायला मकपेलाची गुहा घ्यायला जातो, 400 शेकेल चांदी मोजतो, त्याच्या आधी तिथल्या हेथी लोकांना वाकून नमस्कार करतो, त्या लोकांना हिब्रूत 'अम हाआरेत्स' म्हटलंय. आणि यिद्दिशमध्ये, म्हणजे युरोपातल्या यहूदींच्या बोलीत, हाच शब्द 'आमोरेत्स' होऊन ठोंब्या, निरक्षर माणसाला वापरतात म्हणे. हे असं उलटं कसं काय झालं?

गोदाकाठ
शब्द साधा आहे, अम म्हणजे लोक आणि आरेत्स म्हणजे जमीन किंवा देश. यहूदा म्हणजे यरुशलेमभोवतीचं यहूदींचं राज्य, तिथं हे लै वजनदार लोक होते. अथल्या राणीला मारून 7 वर्षांच्या योवाशला गादीवर बसवलं त्यात हे होते, पुढं आमोन राजाला त्याच्याच चाकरांनी मारलं तर यांनी त्या मारेकऱ्यांना उडवून 8 वर्षांच्या योशीयाला राजा केलं. आपल्याकडचे देशमुख समजा. मग इ.स.पू. 586 ला बाबेलवाल्यांनी यरुशलेम पाडलं, बडे लोक धरून नेले, मागं राहिले ते मळे आणि शेतं बघणारे. 50 वर्षांनी परत आलेल्यांना हे मागं राहिलेले नि आसपासचे लोक परकेच वाटायला लागले, एज्राच्या पुस्तकात मंदिराच्या कामात खोडा घालणारे ते हेच अम हाआरेत्स. लिहिणारा बदलला की शिवी तयार होते, माझं तर हेच मत आहे.

लातूरचा_वाचक
देशमुख काही पटलं नाही राव. बायबलच्या लेवीय पुस्तकात, अध्याय 4 मध्ये चुकून पाप केलेल्या साध्या माणसाला पण हाच शब्द आहे, आणि परभणीकरांनी सांगितलेले हेथी तर यहूदी पण नाहीत. म्हणजे ठरलेला असा वर्ग नव्हताच, त्या त्या ठिकाणचे लोक एवढंच. राजे पुस्तकात ते ताकदवान दिसतात कारण तिथं प्रसंगच तसा आहे, त्यावरून सगळीकडं जमीनदार धरायचं म्हणजे जरा जास्तच होतंय.

गोदाकाठ
बरं, देशमुख मागं घेतो. पण फारोची, म्हणजे मिसरच्या राजाची, खंडणी भरायला यहूदाचा राजा यहोयाकीमनं सोनं-चांदी यांच्याकडूनच वसूल केली हे विसरू नका, गठुडं होतं त्यांच्याकडं.

मिश्नावाली
खरी मजा तर नंतर आहे आणि ती तुम्ही दोघंही सोडायलेत. रब्बींच्या, म्हणजे यहूदी धर्मपंडितांच्या, काळात प्रश्न जमिनीचा राहिलाच नाही, दशमांश (पिकाचा धर्मासाठी काढायचा दहावा हिस्सा) काढला का आणि शुद्धता पाळली का हे बघायला लागले. अम हाआरेत्सकडून धान्य घेतलं तर त्यानं दशमांश काढलाय का नाही भरवसा नाही, म्हणून घेणाऱ्यानं घरी आणून परत काढायचा, अशा मालाला 'देमाई' म्हणायचे आणि मिश्नात, म्हणजे रब्बींच्या नियमांच्या संग्रहात, त्यावर आख्खा भाग आहे. आणि अम हाआरेत्स नेमका कोण यावर तालमूदमध्येच (मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ) वाद, एक म्हणतो सकाळ-संध्याकाळ शमा ही प्रार्थना म्हणत नाही तो, दुसरा म्हणतो दाराला मेझुझा (शास्त्रवचनाची चिठ्ठी असलेली डबी) नाही तो, आणि एक तर म्हणतो सगळं शिकला पण गुरूंची सेवा केली नाही तर तो पण! मला सगळ्यात आवडतो तो अकीवा. एवढा मोठा रब्बी, पण आधी स्वतःच तसला होता, सांगतो की तेव्हा कुणी पंडित हाती लागला असता तर गाढवासारखा चावलो असतो. शिष्य म्हणाले गुरुजी, कुत्र्यासारखा म्हणा की. तर म्हणतो, कुत्रं चावलं तर हाड मोडत नाही, गाढव चावलं की मोडतं.
आणि मिश्नाच्याच होरायोत भागात शिकलेला मामझेर, म्हणजे निषिद्ध संबंधातून जन्मलेला, हा अडाणी महायाजकाच्या पुढं ठेवलाय. म्हणजे जन्म नाही, पैसा नाही, नुसतं शिक्षण.

परभणीकर_२
लै भारी, धन्यवाद ताई. मंग 'गरीब' असा अर्थ मुळात कुठंच नव्हता का?

मिश्नावाली
एकट्या शब्दाला नाही. 2 राजे 24 मध्ये मागं कोण राहिलं ते सांगताना 'अम हाआरेत्समधले दरिद्री' असं वेगळं लिहायला लागलंय. नहेम्या 10 मध्ये अनेकवचन येतं, तिथं आसपासची इतर राष्ट्रं आहेत, टिपणात ते यांच्यात मिसळू नका.