विचारपरिषदेला चौघे पाठवतोय. परतल्यावर कामात फरक दिसावा म्हणून काय करावं?

केळीपट्टा_रावेर
राम राम मंडळी. आमची रावेर तालुक्यात शेतकरी उत्पादक कंपनी आहे, मुख्य काम केळीचं. पुढच्या महिन्यात पुण्यात दोन दिवसांची विचारपरिषद आहे. शेती, शिक्षण, आरोग्य, तंत्रज्ञान अशा क्षेत्रांतले वक्ते, प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटं. दोन संचालक, व्यवस्थापक आणि पॅकहाऊस (केळी निवडून पेट्यांत भरायची जागा) सांभाळणाऱ्या एक ताई असे चौघे जाणार. खर्च सभासदांच्या पैशातून होतोय, म्हणून नेमकं विचारतो: जाण्याआधी, तिथे आणि आल्यावर काय केलं तर या चौघांची माणसं सांभाळायची, निर्णय घ्यायची समज वाढेल? 'मोकळ्या मनाने जा' याच्या पुढचं सांगा.

तापीकाठ
भाऊ, पहिलं काम निघण्याच्या आठ दिवस आधीचं. प्रत्येकाने आपला एकेक प्रश्न लिहून घ्यायचा. 'नेतृत्व कसं सुधारावं' असा प्रश्न नेला तर सुविचार घेऊन परत याल. 'कापणीपासून पॅकहाऊसपर्यंत फण्यांना ओरखडे पडतात. कापणी थांबवायचा अधिकार टोळीच्या मुकादमाला आहे का?' हा कामाचा प्रश्न. त्यात एक जागा, एक माणूस आणि एक निर्णय आहे. या तिन्हींपैकी काही नसेल तर प्रश्न पुन्हा लिहा.

अठरा मिनिटांची मर्यादा टेड (TED) या छोट्या भाषणांच्या व्यासपीठामुळे रूढ झाली. तेवढ्या वेळात एक कल्पना नीट मांडता येते, पण तिच्यामागचे फसलेले प्रयत्न बहुतेक वेळा गळून पडतात. म्हणून ऐकल्याबरोबर 'आपणही हेच करू' असं ठरवू नका. वक्ते चहाच्या वेळी भेटतात, तेव्हा तीन गोष्टी विचारा: सुरुवातीला काय फसलं, रोजचं काम कोण बघतं, आणि बाहेरचा पैसा थांबला तर काय चालू राहील. खरी शिदोरी इथे मिळते.

वहीच्या पानावर उभी रेघ मारा. डावीकडे वक्त्याचं म्हणणं चार-पाच ओळींत, उजवीकडे 'आपल्याकडे हे कोणाला लागू'. उजवी बाजू कोरी राहिली तरी चालेल, ओढूनताणून भरू नका. पडद्यावरच्या चित्रांचे फोटो काढत बसलात तर ऐकणं सुटतं आणि ते फोटो पुन्हा कोणी उघडत नाही.

रात्री मुक्कामावर वीस मिनिटं काढा. वही मिटून आठवेल ते लिहा, मग वही उघडून ताडून बघा. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं होतं की विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांतच सगळ्यात जास्त असतो. 'गावी गेल्यावर लिहू' म्हटलं की अर्धं गेलंच.

आणि चौघे एका रांगेत बसू नका. जेवायलाही वेगवेगळ्या टेबलांवर बसा.

धुळेकर_सहकार
वरचं सगळं बरोबर, पण माझ्या मते तिथल्या दोन दिवसांपेक्षा परतल्यानंतरचे दहा दिवस महत्त्वाचे. उत्पादक कंपनीच्या संचालक मंडळाची बैठक कायद्याने तीन महिन्यांतून किमान एकदा घ्यावी लागते, आणि बऱ्याच कंपन्या त्या किमानावरच थांबतात. पुढच्या बैठकीची वाट पाहिली तर सगळं थंड होईल. निघण्याआधीच परतल्यानंतरच्या आठवड्यातली तारीख धरून ठेवा.

नेहमी घडणारी चूक सांगतो. आल्या आल्या सगळ्यांना जमवून दोन तास ऐकवलं जातं. मागे राहिलेल्यांनी उन्हात कापणी केलेली असते, गाड्या भरून दिलेल्या असतात. त्यांना वाटतं, हे फिरून आले आणि आता आमच्या चुका सांगताहेत. म्हणून पहिले दोन दिवस फक्त विचारा: आम्ही नसताना काय अडलं, कोणी काय सांभाळलं? कोणीतरी नेहमी तुमच्याकडे येणारा निर्णय स्वतः घेतलेला सापडेल. तो नीट निभावला असेल तर तुम्ही परत आलात म्हणून काढून घेऊ नका, त्याच्याकडेच राहू द्या.

मग चाळीस मिनिटांची बैठक. चौघांनी पाच-पाच मिनिटं बोलायचं, उरलेली वीस मिनिटं बाकीच्यांची. शेवटी एकच गोष्ट निवडा. कागदावर चार ओळी: काय करणार, कोण करणार, कधीपर्यंत, आणि त्यासाठी कोणतं जुनं काम थांबवणार. चौथी ओळ वगळली की नवं काम त्याच माणसांच्या डोक्यावर चढतं आणि महिन्याभरात बंद पडतं.

वाक्य 'जर-तर' असं लिहा. गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये या पद्धतीवर सविस्तर मांडणी केली आहे: प्रसंग आणि कृती आधीच जोडून ठेवली की संकल्प तडीस जाण्याची शक्यता वाढते. 'दर्जाकडे लक्ष देऊ' असं लिहू नका. 'जर ट्रॉलीतल्या पहिल्या दहा घडांपैकी तीन घासलेले निघाले, तर मुकादम कापणी थांबवेल आणि खाली अंथरायच्या गाद्या तपासेल' असं लिहा. दहात तीन हा आकडा उदाहरणादाखल, तुमचा तुम्ही ठरवा.

इथे अडतं कुठे? अधिकार तोंडी दिलेला असतो. पहिल्यांदा कापणी थांबली, गाडीला उशीर झाला की व्यवस्थापक फोन करून 'चालू करा' म्हणतो. तिथून पुढे मुकादम कधीच थांबवत नाही. उशिराचा किती तोटा कंपनी सोसेल ते आधीच लेखी ठरवा.

अमळनेर_वाचक
एक पुरवणी. विचारांची परिषद आपल्या भागाला नवी नाही. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला झालं, अध्यक्ष पंडित नेहरू. तिथे शेतीविषयक कार्यक्रमाचा लेखी ठराव झाला, खंड (कुळाने जमिनीसाठी द्यायची रक्कम) आणि कर्जाच्या मागण्या त्यात होत्या. २०२४ च्या फेब्रुवारीत ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला भरलं. तेव्हा पुण्याहून आलात की एक छोटी परिषद रावेरलाच घ्या.

हॅरिसन ओवेन या अमेरिकी सल्लागाराने १९८५ पासून वापरलेली 'ओपन स्पेस' पद्धत स्वस्त आहे. चाळीस माणसं, गोल बैठक, मंच नाही. ज्याला प्रश्न आहे त्याने तो चिठ्ठीवर लिहून, नाव घालून भिंतीवर लावायचा. चार कोपऱ्यांत चार चर्चा, पाऊण तासाच्या तीन फेऱ्या. जिथे आपण शिकत नाही आणि काही देतही नाही, तिथून उठून दुसऱ्या कोपऱ्यात जायचं, त्यात कोणाचा अपमान मानायचा नाही. हा नियम सुरुवातीलाच मोठ्याने सांगा. आपल्याकडे अध्यक्ष बोलत असताना उठणं जड जातं, म्हणून पहिल्या फेरीत अध्यक्षांनी स्वतःच कोपरा बदलावा.

केळीपट्टा_रावेर
फार उपयोगी. एक शंका: पॅकहाऊसच्या ताईंना सगळ्यात जास्त कळतं, पण संचालकांसमोर त्या बोलत नाहीत.

तापीकाठ
त्यांनाच पहिलं बोलू द्या. संचालक आधी बोलले की बाकीचे त्यांच्याच मताला मान डोलावतात. ताईंचे मुद्दे आदल्या दिवशी त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, त्यांची पाच मिनिटं संपेपर्यंत मध्ये प्रश्न विचारू नका, आणि त्यांची सूचना निवडली गेली तर कागदावर 'कोण करणार' पुढे त्यांचं नाव त्यांना विचारून घाला. त्या कामापुरते पैसेही त्यांच्या सहीने खर्च होतील असं करा, नाहीतर प्रत्येक गादीसाठी त्यांना व्यवस्थापकाकडे जावं लागेल.