पहिला बर्फाळ हिवाळा: घरच्यांची तयारी कशी केलीत?

माझी धाकटी बहीण ऑक्टोबरमध्ये कोल्हापूरहून कॅनडात कॅलगरीला जाते आहे. तिचे यजमान जुलैतच पुढे गेलेत. मुलगी सहा वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा, आणि डिसेंबरात तिच्या सासूबाईही सहा महिन्यांसाठी येणार आहेत. काल तिने फोनवर विचारलं, "ताई, जॅकेटं इथून घेऊ की तिथे?" मी उत्तर दिलं खरं, पण आमचा पहिला हिवाळा आठवला आणि लक्षात आलं की जॅकेटाने आमचं काहीच अडलं नव्हतं. अडलं होतं ते भलत्याच गोष्टींनी. म्हणून हा धागा.

आम्ही २०१८ च्या सप्टेंबरात पुण्याहून मिनियापोलिसला आलो. त्याच हिवाळ्यात, ३० जानेवारी २०१९ ला, इथे पारा उणे ३३ सेल्सियसवर गेला. शाळा बंद होत्या आणि त्या दिवशी टपालसुद्धा आलं नाही. भारतातून सगळ्यांचे काळजीचे फोन आले. पण तो दिवस सोपा गेला, कारण सगळे घरात होतो. कठीण होत्या त्या नोव्हेंबरातल्या साध्या सकाळी. तीन वर्षांच्या लेकीला थर्मल, त्यावर कपडे, मोजे, स्नो पँट, बूट, जॅकेट, गळपट्टी, टोपी, हातमोजे चढवायचे आणि दारात पोचल्यावर ती म्हणायची, "आई, शू." की सगळं परत उतरवा. पहिले पंधरा दिवस मी रोज रडकुंडीला येऊन ऑफिसला पोचत होते.

शेवटी डे-केअरच्या ताईंनी क्रम शिकवला. आधी शू. मग स्नो पँट, मग बूट, मग जॅकेट, मग टोपी. हातमोजे सगळ्यांत शेवटी, कारण ते चढले की मुलांच्या हातांचा उपयोग संपतो. दाराशी मुलांच्या उंचीवर खुंट्या ठोकल्या, ओल्या बुटांसाठी खाली ट्रे ठेवला. बहिणीला मी सांगितलंय की ऑक्टोबरातल्या एखाद्या रविवारी घड्याळ लावून रंगीत तालीम कर. घरातून निघायला वीस मिनिटं जास्त लागतात. ती वीस मिनिटं आधीच हिशेबात धरली की मुलांवर ओरडणं वाचतं.

तुमचे अनुभव लिहा. लहान मुलं, वडीलधारी माणसं, घर, गाडी, काहीही.

कॅलगरीहून, अकरावा हिवाळा

ताई, बहिणीला सांगा, जॅकेटं आणि बूट इथेच घ्यायचे. आम्ही नाशिकहून ट्रेकिंगची चांगली जॅकेटं आणली होती, ती ऑक्टोबर अखेरपर्यंतच पुरली. मुलांचे कपडे जुन्या वस्तूंच्या दुकानांतून निःसंकोच घ्या. मुलं एका हिवाळ्यात मोठी होतात, त्यामुळे तिथे जवळपास नव्यासारखे स्नोसूट मिळतात. फक्त ऑक्टोबर सरायच्या आत जा, नंतर लहान मापं शिल्लक राहत नाहीत. एक माप मोठं घ्या, म्हणजे आत लोकरी थर बसतो. आणि सुती थर्मल नकोच. मूल खेळलं की घाम येतो, सुती कापड तो धरून ठेवतं आणि मग आतूनच गारठा लागतो. मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टर घ्या.

दीड वर्षाच्या बाळासाठी एक गोष्ट जीव तोडून सांगते. कारसीटमध्ये जाड जॅकेट घालून पट्टा बांधू नका. पट्टा घट्ट वाटतो, पण आतला फुगीर थर धडकेत दबतो आणि पट्टा सैल पडतो. आधी पातळ फ्लीसवर पट्टा आवळायचा, मग वरून जॅकेट उलटं पांघरायचं किंवा गोधडी घालायची. आम्हाला हे दुसऱ्या हिवाळ्यात कळलं. पहिला हिवाळा आठवला की अजून पोटात गोळा येतो.

इथल्या पार्किंगमध्ये विजेचे खांब दिसतील. ते ब्लॉक हीटरसाठी, म्हणजे गाडीचं इंजिन गरम करणाऱ्या हीटरसाठी असतात. उणे पंधराच्या खाली गाडी रात्रभर बाहेर राहणार असेल तर निघण्याआधी तीन-चार तास इंजिन गरम व्हायला हवं. टायमर लावून टाका, म्हणजे पहाटे उठावं लागत नाही.

कॅलगरीचा चिनूक वाराही अनुभवाल. रॉकीजवरून उतरणाऱ्या या कोरड्या वाऱ्याने जानेवारीत काही तासांत पारा पंधरा-वीस अंशांनी चढतो. पश्चिमेला आकाशात ढगांची लांब कमान दिसली की समजायचं. काहींचं डोकं दुखतं, माझं तर हमखास. त्या दिवशी वितळलेलं पाणी रात्री गोठून काच होतं, तेव्हा चिनूकच्या दुसऱ्या सकाळी चालताना सर्वांत जास्त जपा.

माँट्रियलहून

थोडक्यात लिहितो. क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च गाडीला हिवाळी टायर कायद्यानेच बंधनकारक आहेत. डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह टायरवर बघून घ्या. सात अंशांच्या खाली साध्या टायरचं रबर कडक होऊन पकड जाते, त्यामुळे कायदा नसलेल्या प्रांतातही पैसे इथेच खर्च करा. टायर बदलायची वेळ सप्टेंबरातच घेऊन ठेवा, पहिल्या बर्फानंतर गॅरेजमध्ये रांग लागते. रात्री सायरन ऐकू आला तर घाबरू नका. बर्फ उचलणारी यंत्रं येताहेत, रस्त्यावरची गाडी हलवा, असा त्याचा अर्थ.

मिसिसागाहून

मला हीटिंगबद्दल लिहायचंय, कारण त्याबद्दल कोणी आधी सांगत नाही.

२१-२२ डिसेंबर २०१३ ला टोरंटो भागात गोठणारा पाऊस झाला. झाडाच्या प्रत्येक काडीवर बोटभर बर्फ चढला, फांद्या तारांवर कोसळल्या. एकट्या टोरंटो शहरात तीन लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. आमची अडीच दिवस गेली होती. मला वाटलं, आपली फर्नेस (घर तापवणारी भट्टी) गॅसवर चालते, काळजी नाही. पण गरम हवा घरभर ढकलणारा पंखा विजेवर चालतो आणि बर्नर पेटवणारं सर्किटही. पहिल्या रात्री घर अकरा अंशांवर आलं. मुलगा आठ महिन्यांचा होता.

आम्ही चौघं एकाच खोलीत आलो, दाराच्या फटीत टॉवेल खुपसले, सगळ्या चादरी एकत्र केल्या. सासूबाईंनी बाळाला पोटाशी धरून रात्र काढली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पोर्तुगीज आजींनी घरी बोलावलं, त्यांच्याकडे लाकडाची शेकोटी होती. भाषा येत नव्हती, पण त्यांनी आम्हाला सूप दिलं आणि आम्ही गुळपापडीच्या वड्या.

त्या दिवसांत घरात कोळशाची शेगडी पेटवून किंवा गॅरेजमध्ये जनरेटर लावून माणसं कार्बन मोनॉक्साइडने दगावल्याच्या बातम्या आल्या. या वायूला वास नाही, रंग नाही. आपल्याकडे थंडीत शेगडी घरात घेणं साधी गोष्ट आहे, म्हणून हे बजावून सांगतो. बंद घरात कोळसा नाही. गॅरेजचं दार उघडं असलं तरी आत गाडी चालू ठेवून तापवायची नाही. बर्फात अडकलेल्या गाडीत बसायची वेळ आली तर आधी मागची धुराची नळी मोकळी करा. झोपायच्या खोल्यांजवळ त्या वायूचा अलार्म आहे ना, आणि त्याची बॅटरी चालू आहे ना, हे घर घेतल्याच्या दिवशीच बघा.

बाकी कामं छोटी आहेत, पण नोव्हेंबरच्या आत करा. अंगणातल्या नळाचा व्हॉल्व्ह आतून बंद करून बाहेरचा नळ उघडा ठेवा, नाहीतर आतलं पाणी गोठून पाइप फुटतो. फर्नेसचा फिल्टर बदला. बॅटरीवरचे दिवे, तीन दिवसांचं कोरडं खाणं आणि बाळाचं दूध बाजूला काढून ठेवा.

शिकागोच्या उपनगरातून

सासूबाई येणार आहेत असं वाचलं म्हणून लिहिते.

माझी आई २०१६ च्या नोव्हेंबरात सांगलीहून आली. आम्ही तिच्यासाठी लांब जॅकेट, बूट, टोपी सगळं आणून ठेवलं होतं. आईला साडीची सवय. आत लोकरी लेगिंग घातलं की ऊब मिळायची, पण साडीचा काठ बर्फात भिजायचा आणि घरी येईस्तोवर ताठ व्हायचा. तिसऱ्या आठवड्यात ती पायरीवर घसरली. बर्फ दिसतच नव्हता, काळ्या रस्त्यावर काळी काच. मनगट मोडलं. विमा होता, तरी बिलांचा पत्रव्यवहार उन्हाळ्यापर्यंत चालला.

हाताचं दुखणं दीड महिन्यात गेलं. त्यानंतर आई घराबाहेर पडेनाशी झाली, ते जास्त कठीण होतं. साडेचारलाच अंधार. आम्ही दोघं कामावर, मुलं शाळेत. ती खिडकीशी बसून रस्ता बघायची आणि रस्त्यावर माणूस नसायचं. सांगलीत दिवसातून दहा जणी दारात येतात. जानेवारीत एकदा ती म्हणाली, "अगं, इथं कुणी कुणाला हाक मारत नाही." मी तिच्यासाठी बूट आणले होते, पण हाक मारणारं माणूस शोधायचं राहून गेलं होतं. ते मला आजही लागतं.

पुढच्या खेपेला वेगळं केलं. बुटांखाली चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे आणले, घराच्या पायऱ्यांवर मीठ आणि वाळू दोन्ही टाकत गेलो. कडाक्याच्या थंडीत मीठ नीट काम करत नाही, तेव्हा वाळूच पाय धरून ठेवते. आईला पावलं छोटी, तळवा पूर्ण टेकवून, हात खिशाबाहेर ठेवून चालायला शिकवलं. बाहेर जाताना जाड पँट आणि कुर्ता, घरी आल्यावर साडी. हे ठरवायला तिला आठवडा लागला, मी घाई केली नाही. आठवड्यातून तीनदा सकाळी मी तिला मॉलमध्ये सोडायचे. दुकानं उघडायच्या आधी तिथे पुष्कळ वयस्कर मंडळी फेऱ्या मारतात. तिथेच तिला गुजराती बा भेटल्या आणि मग आईला माझी गरज उरली नाही.

मावशीच्या फोनचीही वेळ बदलावी लागली. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं मागे जातात आणि भारताशी अंतर साडेदहाचं साडेअकरा तास होतं. आईची सकाळ म्हणजे मावशीची झोपायची वेळ. तो फोन आम्ही इथल्या सकाळी आठ वाजता पक्का करून टाकला, कितीही घाई असली तरी.

स्टॉकहोमहून

इथे आम्ही उलटं शिकलो. मुलांना थंडीपासून लपवायचं नसतं, थंडीत रोज न्यायचं असतं. बालवाडीत उणे पाचमध्येही मुलं दोन-दोन तास अंगणात, तान्ही बाळं बाबागाडीत बाहेर झोपलेली. पहिल्या आठवड्यात मला भीतीने घाम फुटला होता. पण मुलगा त्या हिवाळ्यात नीट जेवला, नीट झोपला. डिसेंबरात तीनच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा दुपारचा जो काही उजेड मिळेल तो घ्यायचाच. दोन वर्षांपर्यंतच्या सगळ्या बाळांना इथे ड जीवनसत्त्वाचे थेंब देतात. आपल्या सावळ्या मुलांना ते पुढेही द्यायला नर्सने सांगितलं. जॅकेटला चमकणारे रिफ्लेक्टर लटकवा, अंधारात गाडीवाल्याला मूल दिसलं पाहिजे.

मिनियापोलिसहून, धागाकर्ती

स्टॉकहोमच्या ताई, हे पटतंच, पण कॅलगरीसाठी एक मर्यादा सांगते. वाऱ्यासकट उणे २७ च्या खाली उघडी त्वचा दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. रोज तापमानाबरोबर वाऱ्याचा आकडा बघायचा आणि त्यावर मुलांना सोडायचं. गाल पांढरे किंवा मेणासारखे दिसले तर चोळायचं नाही, आत आणून कोमट पाण्याने किंवा आपल्या तळव्याने ऊब द्यायची.

आता पुण्यात, पूर्वी श्रीनगर

परदेशच हवा असं नाही. यजमानांच्या बदलीमुळे आम्ही २०११ मध्ये श्रीनगरला होतो. तिथे थंडीचे तीन टप्पे मोजतात: २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस सर्वांत कडाक्याचं चिल्ले कलान, मग वीस दिवस चिल्ले खुर्द, मग दहा दिवस चिल्ले बच्चे. शेजारच्या काकू ऑगस्टपासूनच दुधी, वांगी, टोमॅटो कापून दोरीवर वाळवत होत्या. मला वाटलं, हौस असेल. जानेवारीत महामार्ग बंद झाला आणि बाजारात भाजी संपली, तेव्हा त्यांनीच आम्हाला वाळलेली वांगी दिली. मी त्यांत गोडा मसाला घालून रस्सा केला, त्यांनाही पाठवला. रात्री नळाची बारीक धार सोडून झोपायचो, म्हणजे पाइप गोठत नसे. बुखारी (खोली तापवायची शेगडी) पेटलेली असेल तर खिडकी बोटभर उघडी, हे त्या काकू रोज संध्याकाळी येऊन बघून जात.

एडमंटनहून

स्वयंपाकघराबद्दल कोणी लिहिलं नाही. दही आणि इडलीचं पीठ ओव्हनमध्ये ठेवा, ओव्हन बंद आणि फक्त आतला दिवा चालू. वर "आत पीठ आहे" अशी चिठ्ठी लावा. घरातली हवा फार कोरडी होते, मुलांच्या नाकातून रक्त येतं. ह्युमिडिफायर लावा, पण खिडक्यांच्या काचांवर पाणी जमायला लागलं तर कमी करा, नाहीतर चौकटीला बुरशी धरते.

कॅलगरीला निघालेली बहीण

सगळं वाचलं. बॅगेतून सुती थर्मलचे सहा जोड काढले, त्या जागी डिंकाचे लाडू आणि मुलीची चित्रांची वही ठेवली. सासूबाईंना शिकागोच्या ताईंचं मोठ्याने वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "मला चालायला सोबत बघून ठेव, बाकी मी बघते." एकच शंका. त्यांचं पाऊल फार लहान आहे. बायकांच्या बुटांत ते माप मिळेल का?

कॅलगरीहून

मुलांच्या विभागात मिळेल, स्वस्तही पडेल. जाड लोकरी मोजा घालून त्यांचं पाऊल कागदावर ठेवा आणि पेन्सिलीने आखून आणा. तुम्ही पोचलात की आपण दोघी दुकानात जाऊ. आणि आईंना सांगा, माझ्या सासूबाई रोज सकाळी दहाला डाउनटाउनमध्ये इमारतींना जोडणाऱ्या बंदिस्त पुलांवरून चालतात. त्यांनाही सोबत हवीच आहे.