लाबेल : एक नंबरचं गाणं दिलं आणि लगेच वेगळ्या झाल्या?

सूरवेडी :
पॅटी लाबेल, नोना हेंड्रिक्स आणि सारा डॅश ह्या तिघी अमेरिकन गायिकांचा ग्रुप 'लाबेल' सध्या सारखा ऐकतेय. १९७५ मधे 'लेडी मार्मालेड' अमेरिकेत एक नंबरला गेलं आणि १९७६ संपेपर्यंत ग्रुपच बंद. एवढं यश हातात असताना असं का झालं? आणि साठच्या दशकातल्या ब्लूबेल्स म्हणजे ह्याच ना?

रेकॉर्डप्रेमी :
हो ह्याच, पण तेव्हा चौघी होत्या. चौथी सिंडी बर्डसाँग १९६७ मधे सुप्रीम्स ह्या दुसऱ्या मुलींच्या ग्रुपमधे गेली, तिच्या जागी कुणालाच घेतलं नाही. नंतर विकी विकहॅम ही ब्रिटिश मॅनेजर आली आणि तिने सगळं बदलायला लावलं, १९७१ पासून नाव नुसतं लाबेल, एकसारखे गाऊन आणि विग गेले, चंदेरी स्पेससूटसारखे कपडे आले आणि गाणी राजकारणावर, एकटेपणावर, वाट्टेल त्यावर. तेव्हाच्या मुलींच्या ग्रुपमधे हे धाडस कुणी करत नव्हतं. १९७४ मधे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमधे त्यांचा शो झाला, तिथे गाणारा पहिला कृष्णवर्णीय पॉप ग्रुप!

निळीपाखरं :
वेगळं होण्याचं कारण म्हणजे तिघींना तीन दिशांना जायचं होतं. नोनाला रॉक आणि फंक हवं होतं, पॅटीचा जीव सोल बॅलड्समधे, साराचा ओढा डिस्कोकडे. भांडण म्हणण्यापेक्षा आवडीच जुळेनात. आणि खरं सांगू का, लोक एका हिटवर थांबतात ह्याचं मला फार वाईट वाटतं, कारण ते गाणं बाहेरच्या लोकांनी लिहिलेलं, बॉब क्रू आणि केनी नोलन. ग्रुपची खरी लेखिका नोना. 'नाइटबर्ड्स' अल्बम पूर्ण ऐक, निर्माता अ‍ॅलन टूसाँने न्यू ऑर्लीन्समधे केलेला आहे, त्याचं टायटल साँग तिचंच.

रेकॉर्डप्रेमी :
अगदी. आणि हेडफोन लावून ऐक. पॅटी वर सुटते तेव्हा सगळे तिच्याकडेच बघतात, पण तिच्या मागे साराचा बारीक उंच सूर आणि खाली नोनाचा भारदस्त आवाज असतो, त्या दोघींमुळे ती इतकी मोकळी गाऊ शकते.

सूरवेडी :
आज रात्रीच लावते! परत कधी एकत्र आल्याच नाहीत का?

निळीपाखरं :
आल्या ना, २००८ मधे 'बॅक टू नाऊ' अल्बम काढला तिघींनी. सारा २०२१ मधे वारली. 'नाइटबर्ड्स' झाला की तोही ऐक.