'स्पॉट कलर' म्हणजे ठिपका रंग?

एका सॉफ्टवेअरच्या मेनूचं मराठीकरण करतोय. माझ्या आधीच्या माणसानं 'स्पॉट कलर'ला 'ठिपका रंग' लिहून ठेवलंय आणि पुढच्या बटणावर 'आरजीबीत रूपांतर करा' (आरजीबी म्हणजे पडद्यावर लाल, हिरवा, निळा मिसळून होणारे रंग). दुसरं खपून जाईल, पहिल्याचं काय करू? छापखान्यात काय म्हणतात?

•

'स्पेशल कलर', नाहीतर सरळ 'स्पॉट'. 'फोर कलर अधिक एक स्पेशल' असं कोटेशन मागा, कुणी दुसऱ्यांदा विचारणार नाही.

'ठिपका रंग' तर अगदी उलटा शब्द झाला. वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरून बघा. सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा अशा चार शायांचे बारीक ठिपके दिसतील. नारिंगी किंवा हिरवा आपला डोळा जुळवतो. म्हणजे ठिपके फोर कलरमध्ये! स्पॉट कलरची शाई आधीच वजन करून, घोटून तयार असते, तिला वेगळी प्लेट लागते आणि भिंगाखाली सलग रंग दिसतो. (फिकी छटा काढायला स्क्रीन टाकला तर तिथेही ठिपके येतात, पण एकाच शाईचे.) हा 'स्पॉट' मी 'जागा' या अर्थानं घेतो: नेमक्या जागी लावायचा रंग.

•

मग 'खास शाई' का नको? १९६३ साली पँटोन या रंगांची सूची काढणाऱ्या कंपनीनं नंबर दिले ते शाईच्या मिश्रणांनाच.

•

पण मेनूत शाई कुठेय, तिथे नुसता चौकोन असतो. आणि 'विशेष रंग' म्हटलं की शासन निर्णय वाचल्यासारखं वाटतं. मी 'स्पेशल रंग'च्या बाजूनं.

माझी हरकत खरं तर 'रूपांतर'वर आहे. भाचीच्या लग्नपत्रिकेवर सोनेरी शाईतला गणपती होता. कागद हलवला की चमकायचा. तीच फाइल आरजीबी करून व्हॉट्सॲपवर फिरवली, तर गणपती मोहरीच्या चटणीच्या रंगाचा! आत्याबाईंचा फोन आला, 'सोनं कुठे गेलं?' सोनेरी शाईत धातूची भुकटी असते, ती प्रकाश परतवते. लाल, हिरवा, निळा यांचे ० ते २५५ आकडे कितीही फिरवा, ती चमक त्यात नाही.

साध्या शाईचंही तेच. पँटोन ऑरेंज ०२१ सी पडद्यावर २५४, ८०, ० असा दाखवतात. बरा दिसतो. तोच फोर कलरमध्ये काढा, मळकट होतो. शिवाय नंबरापुढचा 'सी' म्हणजे गुळगुळीत लेपाचा कागद, 'यू' म्हणजे बिनलेपाचा. शाई तीच, पण कागदानं ती पिऊन टाकली की दिसणं बदलतं, म्हणून आरजीबीचे आकडेही बदलतात. उलट पडद्यावरचा ०, २५५, ० हा झगझगीत हिरवा नेहमीच्या कुठल्याच शाईत सापडणार नाही. 'रूपांतर' म्हटलं की गिऱ्हाइकाला वाटतं, मीटरचे फूट करतात तसं जाऊन परत येता येतं.

•

तिरंग्याचा केशरी घ्या. आयएस १ : १९६८ या भारतीय मानकात त्याची व्याख्या सीआयई १९३१ या रंग मोजण्याच्या पद्धतीच्या आकड्यांत आहे, आरजीबीत नाही. म्हणून पडद्यावर कुणी २५५, १५३, ५१ घेतो, कुणी त्याहून तांबूस. तेव्हा बटणावर 'जवळचा आरजीबी रंग घ्या' लिहा.

•

'स्पेशल रंग' घेतला. 'जवळचा आरजीबी रंग घ्या' आवडलं, पण बटण एवढंसं आहे, 'आरजीबी करा' इतकंच मावतंय. 'जवळचा' हा शब्द माउस वर नेल्यावर येणाऱ्या टिपेत घालतो.